मामांच्या निवृत्त गाडीतून रूट ६६ : पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

जुनी पोलीस गाडी घेऊन रस्त्याला लागलात की पहिल्या पंधरा मिनिटांत एक गोष्ट कळते. आपल्याला कोणी ओव्हरटेक करत नाही. मर्यादा ताशी पंचावन्न मैलांची, आपण रमतगमत पन्नासने चाललोय, आणि आरशात बघावं तर मागे बारा-पंधरा गाड्या शाळेच्या रांगेसारख्या शहाण्या होऊन येतायत. सुरुवातीला मजा वाटते. अर्ध्या तासाने लाज वाटायला लागते. त्या रांगेतला एखादा माणूस विमान पकडायला निघालेला असतो आणि तुमच्या दारावरचा फिकट तारा बघून त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठलेला असतो.

म्हणून पहिला धडा इथेच देतो: रुंद कडा दिसली की बाजूला घ्या आणि सगळ्यांना जाऊ द्या. कॅलिफोर्नियात तर दुपदरी रस्त्यावर मागे पाच गाड्या अडकल्या असतील तर संथ गाडीने बाजूला होणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

माझ्याकडे १९८८ ची डॉज डिप्लोमॅट आहे. पुण्यात ट्रॅफिक पोलिसाला मामा म्हणतात, त्यामुळे आमच्या इथल्या मराठी टोळक्यात या गाडीचं नाव 'मामा' पडलं. तिच्यासारख्याच चार-पाच म्हाताऱ्या गाड्या जमवून रूट ६६ चा पश्चिमेकडचा भाग करायचा असेल, तर काय काय करावं लागतं ते क्रमाने सांगतो. यातलं निम्मं गाडीबद्दल आहे. उरलेलं निम्मं आपण पोलीस नाही हे जगाला पटवण्याबद्दल आहे, आणि तेच जास्त अवघड आहे.

१. आधी रस्ता ठरवा, आणि कमी ठरवा

रूट ६६ म्हणजे शिकागो ते सँटा मोनिका, आठ राज्यं, सुमारे २,४४८ मैल. ११ नोव्हेंबर १९२६ ला अमेरिकेच्या क्रमांकित महामार्गांची योजना मंजूर झाली, त्यात हा जन्मला. तुल्साच्या सायरस एव्हरींना या रस्त्याचे जनक मानतात. त्यांना खरं तर ६० हा आकडा हवा होता, पण त्यावर केंटकीवाल्यांनी हक्क सांगितला. शेवटी ३० एप्रिल १९२६ ला मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डहून तार गेली की आम्हाला ६६ चालेल. १९३८ पर्यंत सगळा रस्ता पक्का झाला, मग शेजारून मोठे इंटरस्टेट, म्हणजे राज्याराज्यांतून जाणारे द्रुतगती महामार्ग आले, आणि १९८५ मध्ये हा महामार्ग यादीतून काढून टाकला गेला. म्हणजे नकाशावर आज सलग 'रूट ६६' नाहीच. आहेत ते तुकडे. काही गावातल्या रस्त्याच्या नावाने, काही इंटरस्टेटच्या बाजूने पळणाऱ्या सर्व्हिस रोडच्या रूपात, काही कुंपणापलीकडे गवतात गेलेले.

पहिल्यांदा निघणारे सगळे म्हणतात, 'करायचं तर पूर्ण करू.' करू नका. साठ-सत्तरच्या दशकातल्या गाडीत दोन आठवडे रोज बसणं म्हणजे एसटीच्या शेवटच्या सीटवरून काश्मीर. ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफपासून सँटा मोनिकापर्यंत पाच-साडेपाचशे मैल होतात, सहा दिवस निवांत पुरतात, आणि जुन्या रस्त्याचा न तुटलेला सगळ्यात लांब पट्टा, सुमारे १५८ मैलांचा, याच भागात आहे.

महिना एप्रिल, मे किंवा ऑक्टोबर. जुलैत मोहावी वाळवंटात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तुम्ही नागपूरचे असाल, तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही. कार्बोरेटरला वाटतं. २०२६ हे रस्त्याचं शंभरावं वर्ष, त्यामुळे मोटेलं आधी धरून ठेवा.

२. गाडी

व्हिंटेज पोलीस गाडी भाड्याने मिळेल या भ्रमात राहू नका. सिनेमावाल्यांना भाड्याने देणारे आहेत, पण ते सहा दिवस वाळवंटात नेऊ देत नाहीत. दोनच मार्ग: स्वतः विकत घ्या, किंवा ज्याच्याकडे आहे त्याच्या शेजारच्या सीटवर बसा. दुसरा मार्ग पहिल्या वर्षी उत्तम. 'पोलीस कार ओनर्स ऑफ अमेरिका' नावाची या गाड्या सांभाळणाऱ्यांची संघटना आहे. तिच्यातली मंडळी बहुतेक बोलकी आणि उदार. निवृत्त पोलीसही त्यांत पुष्कळ.

विकत घ्यायचीच असेल तर वयावरून तीन गट समजून घ्या. साठ-सत्तरच्या दशकांतल्या मोठ्या व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या गाड्या: १९६९ ची डॉज पोलारा, कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलमुळे गाजलेली, किंवा लॉस एंजेलिस पोलिसांनी वापरलेली एएमसी मॅटाडोर. दिसायला राजेशाही. पेट्रोल मात्र अशा पितात की लिटरला चार-पाच किलोमीटर मिळाले तर नशीब. मग ऐंशीच्या दशकातल्या डिप्लोमॅट, प्लिमथ ग्रॅन फ्युरी, चौकोनी शेवरले कॅप्रिस. आणि शेवटी फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया, जी २०११ मध्ये बंद झाली. तिचे सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात, कारण शहराशहरातल्या टॅक्स्याही त्याच होत्या. नवख्याने नव्वदच्या दशकातली क्राउन व्हिक किंवा कॅप्रिस घ्यावी असं माझं मत. शौकीन नाक मुरडतील. मुरडू द्यावं. पोलाराच्या मालकांना मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा बॉनेटखाली डोकं घालूनच पाहिलंय.

बघायला गेलात की ओडोमीटरवर विश्वास ठेवू नका. गस्तीची गाडी तासन्‌तास एका जागी चालू उभी असते. इंजिन फिरतं, मैल वाढत नाहीत. छताला लाइटबारची, म्हणजे पोलिसी दिव्यांच्या आडव्या पट्टीची, भोकं पाडलेली असतात आणि ती नीट बुजवली नसतील तर पहिल्या पावसात पाणी थेट मानेवर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डॅशबोर्डखाली हात घाला. रेडिओ, सायरन, दिवे काढताना सरकारी वर्कशॉपवाल्यांनी वायरी कापून तशाच लोंबत ठेवलेल्या असतात. माझ्या मामाच्या पोटातून मी मूठभर अनाथ वायरी काढल्या, आणि त्यातल्या एकीत अजून करंट होता.

मागच्या सीटचंही बघा. मागची दारं आतून उघडत नाहीत, ती तशीच बनवलेली असतात. आमच्या एका काकांनी विल्यम्स गावातल्या पेट्रोल पंपावर 'मी जरा पाय मोकळे करतो' म्हणून हात घातला, हँडल नाही, काच खाली होत नाही, आणि आम्ही सगळे कॉफी घ्यायला गेलेलो. दहा मिनिटांनी परत आलो तेव्हा तीन अमेरिकन पोरं काचेतून त्यांच्याकडे 'याने काय केलं असेल' अशा नजरेने बघत होती. काकांनी पुढचे दोन दिवस आमच्याशी मोजकंच बोलणं ठेवलं. आतली हँडलं बसवून घ्या आणि मधली जाळी काढा. अपघातात मागे अडकलेला माणूस हा विनोदाचा विषय नाही.

विमा जुन्या गाड्यांचा वेगळा मिळतो, त्यात गाडीची किंमत आधीच ठरवलेली असते. पण 'रोज किती चालवणार, कोण चालवणार' हे त्यात बारकाईने लिहिलेलं असतं. सहा दिवसांत तिघे आळीपाळीने चालवणार असाल तर तिघांची नावं आधी कळवा. भारतातून येणारा पाहुणा चालवणार असेल तर आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणायला सांगा.

३. आपण पोलीस नाही, हे गाडीवर लिहा

हा भाग दोनदा वाचा.

पोलीस असल्याची बतावणी करणं हा गुन्हा आहे, आणि गाडीचा रंग, दिवे, तारे, चिन्हं यांबद्दल दर राज्याचे नियम निराळे आहेत. ॲरिझोनात चाललेलं कॅलिफोर्नियात चालेलच असं नाही, आणि आपण तर सीमा ओलांडणार आहोत. कॅलिफोर्नियाचा नियम साधारण असा: काळा-पांढरा पोलिसी रंग खासगी गाडीला चालत नाही, पण १९७९ च्या सुरुवातीपर्यंत पहिली नोंदणी झालेल्या गाड्यांना सूट आहे, आणि पंचवीस वर्षांहून जुन्या गाड्यांना दारांवर ठळक 'आउट ऑफ सर्व्हिस' लिहिलं तर चालतं. माझी १९८८ ची असल्यामुळे दोन्ही बाजूंना चुंबकाच्या पाट्या लावतो. गाडी पोलाराच्या वयाची असली तरी पाटी लावाच. त्यात गाडीचा काही अपमान होत नाही.

दिवे झाका. छतावरच्या लाइटबारला किंवा त्या गोल लाल दिव्याला, ज्याला इथे 'बबलगम मशीन' म्हणतात, काळ्या कापडाची खोळ शिवून घ्या. आमच्या खोळी एका मावशींनी जुन्या छत्रीच्या कापडाच्या शिवल्या, इलॅस्टिक घालून. इंटरस्टेटवर वाऱ्याने उडू नयेत म्हणून खालून नाडी. एवढ्यावर थांबू नका, दिव्यांचा आणि भोंग्याचा फ्यूज काढून पेटीत ठेवा. सोबत कोणाचा तरी बारा वर्षांचा मुलगा असणार, आणि बटण हे दाबण्यासाठीच असतं.

गणवेश घालू नका. बिल्ला लावू नका. कमरेला खेळण्यातलं पिस्तूल तर अजिबात नको, फोटोपुरतंही नाही. टोपी डॅशबोर्डवर ठेवायला हरकत नाही, पण डोक्यावर गेली की समोरच्याला पाटी वाचायला वेळ मिळत नाही.

निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी वाटेतल्या हायवे पेट्रोलच्या (महामार्ग पोलिसांच्या) आणि शेरिफच्या (जिल्हा पोलिसांच्या) कचेऱ्यांना ईमेल करा: अमुक तारखेला अमुक पाच जुन्या गाड्या, हे नंबर, हा मार्ग, दिवे झाकलेले. तातडीच्या ९११ वर नव्हे, साध्या चौकशीच्या नंबरवर फोन करा. उत्तर येईलच असं नाही. पण अडवलं तर दाखवायला छापील प्रत हातात असते.

आणि अडवतील. घाबरू नका, पण एक भारतीय सवय घरी ठेवून या. आपल्याकडे पोलिसाने शिट्टी मारली की आपण गाडीतून उतरून 'साहेब' म्हणत दोन पावलं पुढे जातो, तो आदर असतो. इथे उतरलात तर तो धोका समजला जातो. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे, आणि कागद काढायच्या आधी सांगून काढा. आमच्यापैकी तिघांना आजवर अडवलंय आणि तिन्ही वेळा पहिली दोन मिनिटं कडक गेली, पुढची वीस मिनिटं साहेबांनी बॉनेट उघडायला लावून इंजिन बघितलं.

४. म्हातारीची तपासणी

मेकॅनिककडून महिनाभर आधी तपासून घ्या, आदल्या दिवशी नव्हे. नवा भाग बसवला की तो दोन-तीनशे मैल चालवून बघायचा असतो.

रबर आधी. आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या पाइपांना आतून खातं. सगळे बदला. टायर कितीही जाड दिसले तरी कडेवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. वाळवंटात म्हातारा टायर फुटतो तो आवाज करूनच.

मग थंडावा. रेडिएटर साफ, थर्मोस्टॅट नवा, फॅनबेल्ट नवा आणि एक जादा डिकीत. कार्बोरेटरवाल्या गाड्यांना उष्णतेत 'व्हेपर लॉक' होतो, म्हणजे पाइपातल्या पाइपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. गाडी मरते आणि अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखी चालू होते. तोवर सावलीत बसून चिवडा खायचा. आमच्यातले दोघे पाइपावर ओला फडका टाकतात, त्याने खरंच फरक पडतो की मनाचं समाधान होतं यावर अजून वाद आहे. आणि फ्लॅगस्टाफ समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटरवर आहे, तिथे हवा विरळ, त्यामुळे कार्बोरेटरवाली गाडी जरा काळा धूर टाकेल आणि सुस्त वाटेल. उतरलात की सुधारते. तिथे स्क्रू पिळत बसू नका.

डिकीत काय न्यायचं? पॉइंट आणि कंडेन्सर, स्पार्क प्लग, फ्यूज, पाइपाच्या क्लिपा, वायर, चिकटपट्टी, कूलंट, तेल. सत्तरीतली डॉज किंवा प्लिमथ असेल तर बॅलास्ट रेझिस्टर दोन. बोटभर लांबीचा, पांढऱ्या चिनीमातीचा तो तुकडा गेला की इंजिन स्टार्टर फिरवेपर्यंत लागतं आणि किल्ली सोडली की बंद पडतं. लक्षण पाठ करून ठेवा. ज्याला माहीत नाही तो टो ट्रक बोलावतो, ज्याला माहीत आहे तो पाच मिनिटांत निघतो.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर, शिवाय गाडीचं वेगळं. टोइंगचा विमा शंभर मैलांपर्यंतचा घ्या. नेहमीचे पाच मैल इथे कोणत्याही गावापर्यंत पोचत नाहीत.

५. ताफा

पाच गाड्या पुरे. सहा म्हणजे वरात होते. सगळ्यात हळू गाडी पुढे, कारण तिचा वेग तोच सगळ्यांचा वेग. सगळ्यात विश्वासू गाडी आणि सगळ्यात शांत स्वभावाचा माणूस शेवटी, हत्यारं त्याच्याकडे. मधल्या गाड्यांमध्ये इतकं अंतर ठेवा की तिऱ्हाईताची गाडी आत शिरू शकेल. चिकटून चाललात तर एक तर ब्रेक जुने आहेत, आणि दुसरं, पाच पोलीस गाड्या एकामागोमाग बघून समोरचा माणूस काहीतरी भयंकर घडलंय असं समजून चुकीचं वळण घेतो.

मोबाइलला मोहावीत मैलोन्‌मैल रेंज नसते. वॉकीटॉकी घ्या. जीएमआरएस म्हणजे खासगी वॉकीटॉकीसाठी राखलेल्या रेडिओ वाहिन्या, त्यांचा परवाना ३५ डॉलरला, दहा वर्षांचा, परीक्षा नाही, आणि एकावर घरातले सगळे बोलू शकतात. दोन दिवसांत सगळे 'टेन-फोर' (म्हणजे 'कळलं') म्हणायला लागतील. हे दहाचे कोड १९३७ च्या सुमारास इलिनॉयच्या राज्य पोलिसांत तयार झाले, चार्ल्स हॉपर नावाच्या त्यांच्या संदेशयंत्रणेच्या प्रमुखाने केले. आधी 'टेन' का? तर त्या काळी गाडीतला ट्रान्समीटर बटण दाबल्यावर पूर्ण ताकदीला यायला क्षणभर घ्यायचा आणि पहिला शब्द गिळला जायचा. म्हणून पहिला शब्द गिळायलाच दिलेला. आमच्याकडे एक वहिनी त्याऐवजी 'अहो ऐका' म्हणून सुरुवात करतात. काम तेच होतं.

६. दिवसवार

पहिल्या दिवशी फ्लॅगस्टाफहून विल्यम्समार्गे सेलिगमन. अंतर कमी ठेवलंय, कारण पहिल्या दिवशी काहीतरी बिघडतंच. विल्यम्स हे इंटरस्टेटने वळसा घातलेलं रूट ६६ वरचं शेवटचं गाव, १९८४ मध्ये. सेलिगमनला तोच तडाखा १९७८ मध्ये बसला होता. तिथले न्हावी एंजल डेलगाडिलो यांनी गाव मरताना बघितलं आणि १९८७ मध्ये लोक जमवून ॲरिझोनाची रूट ६६ संघटना उभी केली, राज्याकडून रस्त्याला 'ऐतिहासिक' दर्जा मिळवला. आज या रस्त्यावर जे काही जिवंत आहे त्याचा बराचसा धागा त्या केशकर्तनालयाच्या खुर्चीपाशी जातो. जरूर जा.

दुसरा दिवस सेलिगमन ते किंगमन, ८७ मैल. हा सगळ्यात सुंदर पट्टा. रस्ता लांबलचक कमानीसारखा वळत जातो, बाजूने रेल्वे, आणि मालगाडीचे डबे मोजता मोजता पोरं झोपतात. पीच स्प्रिंग्ज हे वालापाई लोकांचं गाव, त्यांच्या राखीव भूमीत. तिथे त्यांचं स्वतःचं पोलीस दल आहे. गाडी रस्त्यावर मिरवत उभी करू नका, माणसांचे फोटो विचारून काढा.

तिसरा दिवस छोटा आणि कठीण: किंगमन, ओटमन, टोपॉक, नीडल्स. सिटग्रीव्ह्ज खिंडीकडे चढणारा रस्ता अरुंद, कठडे जवळजवळ नाहीत, चाळीस फुटांहून लांब वाहनांना बंदी. फोर्ड मॉडेल टीच्या काळात लोक हा घाट उलटे, रिव्हर्समध्ये चढायचे. गाडीत पेट्रोल ढकलणारा पंपच नव्हता, ते उतारानेच टाकीतून इंजिनात यायचं, आणि नाक वर झालं की यायचं थांबायचं. शिवाय रिव्हर्स गिअरच सगळ्यात ताकदवान. तुम्हाला तसं करावं लागणार नाही. तुमची परीक्षा उतारावर आहे. ड्रम ब्रेक सतत दाबून धरले की तापतात आणि पॅडल स्पंजासारखं होतं. कसारा किंवा खंबाटकी उतरताना ट्रकवाले जे करतात तेच करा: गिअर लोमध्ये, पाय ब्रेकवर दाबायचा आणि सोडायचा, आणि जळका वास आला तर पहिल्या रुंद जागेत थांबायचं. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेला ड्रम तडकतो.

ओटमनमध्ये रस्त्यात गाढवं उभी असतील. खाणकामगार जी गाढवं मागे सोडून गेले त्यांची ही पिलावळ. खिडकी उघडी दिसली की डोकं आत घालतात. माझ्या 'आउट ऑफ सर्व्हिस' पाटीचा एक कोपरा तिथल्याच एका गाढवाने चाखलेला आहे.

टोपॉकला कोलोरॅडो नदी ओलांडली की कॅलिफोर्निया, आणि इथे मला जरा थांबायचंय. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख जेम्स डेव्हिस यांनी आपले १३६ पोलीस शहर सोडून शेकडो मैल दूर, राज्याच्या सीमेवरच्या १६ नाक्यांवर पाठवले. दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी उखडलेली ओक्लाहोमा-आर्कान्सामधली कुटुंबं याच रस्त्याने, गाद्या-भांडी टपावर बांधून येत होती. ज्यांच्याकडे पैसे दिसले नाहीत त्यांना परत फिरवलं गेलं. त्या पोलिसांना तिथे उभं राहायचा अधिकारच नव्हता. आरडाओरडा झाला आणि दोन-तीन महिन्यांत प्रकार गुंडाळला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर ग्रीन नावाच्या टपालवाल्याने कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी 'ग्रीन बुक' सुरू केलं: कुठल्या गावात खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल. अंधार पडायच्या आत गाव सोडा अशी ताकीद असलेली गावं या रस्त्यावरही होती. आपल्याला ही गाडी म्हणजे जुनी टीव्ही मालिका वाटते. समोरून येणाऱ्या आजोबांना ती काय वाटेल ते आपण ठरवू शकत नाही. कोणी बघून तोंड फिरवलं तर फिरवू द्या, 'अहो, गंमत आहे' म्हणत मागे लागू नका.

चौथा दिवस नीडल्स ते बारस्टो. पहाटे पाचला निघा. टाकी काठोकाठ भरा, वाटेतल्या अँबॉय या चिमुकल्या वस्तीला पेट्रोल मिळेलच असं धरून चालू नका, आणि मिळालं तर महाग असेल. इथले जुने लाकडी पूल पावसाच्या लोंढ्यात खचतात आणि रस्त्याचे तुकडे दीर्घकाळ बंद राहतात, म्हणून सॅन बर्नार्डिनो काउंटीची बंद रस्त्यांची यादी आदल्या रात्री बघा. बॅरिकेड हटवून जाणारे महाभाग असतात. पोलिसाच्या गाडीतून तर ते करूच नका, मागचे पाच जण तुम्हाला बघून आत शिरतील. अँबॉयला 'रॉइज' या जुन्या मोटेल-कॅफेची १९५९ ची उंच पाटी आहे, फोटो तिथेच काढतात. थांबून पुन्हा निघताना वाकून गाडीखाली बघा. मोहावीतलं कासव सावलीसाठी चाकापाशी येऊन बसतं, ते संरक्षित आहे. आपण हात लावायचा नाही, ते जाईपर्यंत थांबायचं. एकदा आम्ही थांबलो. कासवाला घाई नव्हती.

पाचव्या दिवशी ओरो ग्रांदेजवळची बाटल्यांची झाडं (लोखंडी खांबांवर बाटल्या अडकवून केलेली), मग कहोन खिंडीचा उतार (पुन्हा तेच ब्रेकचं पुराण), आणि सॅन बर्नार्डिनोच्या बाजूचं १९४९ चं विगवॉम मोटेल, तंबूच्या आकाराच्या काँक्रीटच्या खोल्या. मोटेलांवरून आठवलं, या रस्त्यावरची कितीतरी मोटेलं गुजराती कुटुंबं चालवतात. ऐंशीच्या दशकात शेजारचे मोटेलवाले मुद्दाम 'अमेरिकन मालकीचं' अशी पाटी लावायचे, ते यांनी सोसलं आणि पडत्या काळात खोल्या चालू ठेवल्या. आलं घातलेला चहा मागायला लाजू नका. शाकाहारी असाल तर संध्याकाळी तोच आधार.

७. लोक मदत मागायला येतात तेव्हा

हे कुठल्याच यादीत नसतं, म्हणून वेगळं लिहितो. नीडल्सच्या पंपावर मी काच पुसत होतो. एक वयस्कर बाई घाईघाईने आल्या आणि बोलायलाच लागल्या: पार्किंगमध्ये कोणीतरी त्यांची गाडी ठोकून पळालं होतं, हात थरथरत होते. पाटी त्यांच्या आणि माझ्या मध्ये होती, त्यांनी ती वाचलीच नव्हती. घाबरलेला माणूस गाडीचा रंग वाचतो.

अशा वेळी पहिलं वाक्य 'मी पोलीस नाही' हेच, आणि लगेच दुसरं 'मी फोन लावून देतो'. मग फोन लावा, सावलीत बसवा, पाणी द्या, खरे पोलीस येईपर्यंत थांबा. रस्त्यावर अपघात दिसला तर ९११ ला कळवा, प्रथमोपचाराची पेटी द्या, पण वाहतूक हातवारे करून वळवायला उभे राहू नका. दिव्याची खोळ काढायचा मोह होईल, तेवढा आवरा. त्या बाईंचं काम होईपर्यंत पाऊण तास गेला. आमचा त्या दिवसाचा गार वेळ संपला आणि एका कॅप्रिसने पुढे एसेक्सच्या अलीकडे वाफ सोडली. ठीक आहे. वेळापत्रकात रोजचा एक तास याच नावाने राखून ठेवा.

८. शेवटचा दिवस

सॅन बर्नार्डिनोपासून फूटहिल बुलेवार्डने पासाडेना, मग सँटा मोनिका बुलेवार्ड. अंतर ऐंशी मैलांच्या आत, पण सिग्नलमागून सिग्नल. म्हाताऱ्या गाड्या रांगेत उभ्या राहून तापतात. हीटर पूर्ण चालू करा, इंजिनाची उष्णता आत येते आणि काटा खाली सरकतो. तुम्ही घामाघूम व्हाल, गाडी वाचेल. ताफा इथे तुटणारच. सगळ्यांना शेवटचा पत्ता देऊन ठेवा आणि एकमेकांची वाट बघू नका.

सँटा मोनिकाच्या धक्क्यावर रस्ता संपल्याची जी पाटी आहे ती २००९ ची. महामार्गाचं अधिकृत टोक लिंकन आणि ऑलिम्पिक बुलेवार्डच्या कोपऱ्यावर होतं, आज तिथे बघण्यासारखं फारसं काही नाही. आम्ही आधी तिथे जातो, इंजिनं बंद करतो, मग धक्क्यावर पायी. धक्क्याजवळ पाच गाड्या एकत्र उभ्या करायला जागा मिळत नाही, सकाळी आठच्या आत आलात तरच आशा.

आणि पार्किंग मीटरमध्ये पैसे टाका. दारावर तारा असलेल्या गाडीला पावती कोण लावणार, असं मला वाटलं होतं. तासाभराने परत आलो तर वायपरखाली होती, तारीख-वेळ घालून, आणि रंगाच्या रकान्यात व्यवस्थित लिहिलेलं: काळा-पांढरा.